ज्वारीच्या दाण्याएवढं

माझ्या अक्काचे सासरे ज्या वस्तूकडे डावा डोळा मिटून बघत, ती वस्तू पुन्हा वाकडी उभी राहण्याची हिंमत करीत नसे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मुरुमला त्यांचं धान्याचं दुकान होतं. तिथली पोती अशी रचलेली असत की त्यातलं एक मागायला गिऱ्हाइकाला संकोच वाटे. लग्नाच्या पंगतीत पत्रावळींची रांग जरा हलली तर ते वाढप्याला थांबवीत. एकदा त्यांनी नवरदेवालाच हातभर मागे सरकवलं होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ते आरशाशिवाय ओढत, आणि ते बघून आमचे ड्रॉइंगचे मास्तर हात जोडीत. माझं कॉलेजचं शिक्षण त्यांच्याच घरच्या भाकरीवर झालं, त्यामुळे त्यांच्याविषयी कमी लिहिणं मला जमणार नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर आप्पांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी पिकप आणली. निजामाच्या राज्यातल्या त्या गावात सुभेदारसाहेबांची सोडली तर मोटार दिसणं मुश्कील. लोकांना वाटलं, शेंगांच्या पोत्यांसाठी आणली. घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काचं पहिलं बाळ सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत पोचलंच नव्हतं, बैलगाडीतच गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

पण मोटार रस्त्यावर नीट चालेना. कधी डावीकडे, कधी उजवीकडे भटकायची. पहिल्याच फेरीत ती दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, घेऊन बाभळीत शिरली. मग आप्पांनी धोतर खोचलं. पुढची चाकं उचलून फिरवली, खडूनं टायरांच्या मधोमध रेघा ओढल्या आणि बांबूच्या काठीनं दोन्ही रेघांमधलं अंतर पुढूनही मोजलं, मागूनही. चाकांना जोडणारा आडवा दांडा पिळून पिळून त्यांनी ती अशी समांतर केली की बघायला पेठ लोटली. मोटार मात्र भटकायची थांबेना.

दाजी सोलापूरच्या एका ड्रायव्हरला विचारून आले. तो म्हणाला होता, चाकं पुढून किंचित जवळ पाहिजेत. हे ऐकून आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तिरळी करू चाकं? तिरळं बघून सरळ चालायचं, ही कुठली शाळा रं?"

दोन दिवस आतून अक्काच्या कण्हण्याचा आवाज आला की ते उठून मोटारीकडे जात. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मोटार ढकलायला लावली आणि स्वतः पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी समोर रस्त्यावर पालथे पडले, गाल मातीला टेकवून, एक डोळा मिटून. मोटार त्यांच्या अंगावर चाललेली, दाजी रडवेले. अगदी जवळ आल्यावर आप्पा उठले. "ढकललं की पुढून पाय फाकवतीया," एवढंच म्हणाले आणि दुकानातून ज्वारीचा एक दाणा घेऊन आले. पुढचं अंतर मागच्यापेक्षा बरोबर त्या दाण्याएवढं कमी केलं. दाणा मालदांडी जातीचा की दगडी जातीचा, यावर पेठेत पुढं कित्येक दिवस वाद चालला. आप्पांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दिवस भरत आले तेव्हा आम्ही अक्काला गादीवर झोपवून निघालो. दाजी चालवत होते, मी तिच्या उशाशी. रीतीप्रमाणे आप्पा सुनेकडे पाठ करून मागच्या फळीशी बसले. लग्न झाल्यापासून अक्का त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. जे असेल ते सासूमार्फत. जळकोट मागे पडलं आणि मी सहज आप्पांच्या खांद्यावरून पाहिलं. धुळीत चाकांच्या दोन रेघा उमटत होत्या. क्षितिजापर्यंत, कुठेही न हलता. इतकं सरळ काही मी पुन्हा पाहिलेलं नाही.

तेवढ्यात अक्का बोलली. "मामंजी, आता मला भ्या वाटत न्हाय."

आप्पा वळले नाहीत. धुळीतल्या रेघांकडे बघतच म्हणाले, "पड जरा, माय. पोचतोयच."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आप्पा गेले त्याला बरीच वर्षं झाली. तो रस्ता आता डांबरी आहे. कधी एसटीतून जाताना मी मागच्या काचेतून बघतो. डांबरावर काही उमटत नाही.