रेषेवरची सावली

हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा कुलदैवतापुढे उभा राहून बोलायला गेलो, तर तिथेही नारळ ठेवला आणि मुकाट परत फिरलो. आता तुमच्यापुढे बसलोच आहे तर ऐकून घ्या — आणि मधेच "जाऊ द्या हो, होतं असं" म्हणू नका. त्या वाक्याची मला चीड आहे. आमच्या गावातली निम्मी पापं त्या एका वाक्याखाली झाकलेली आहेत.

परवा माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि 'गाडीवानांचे कैवारी' असं लिहिलेली काचेची ढाल. ढाल कपाटावर ठेवलीय, तोंड भिंतीकडे करून. बायको विचारते, उलटी का ठेवली? मी म्हणतो, धूळ बसते.

मी मंडपवाला. धंदा बापाचा, वाढवला मी. लग्न, बारसं, दहावं, निवडणुकीची सभा — रेवसपासून खाली या पट्ट्यात कुणाच्याही डोक्यावर कापड असेल तर ते बहुतेक माझं. आणि आमच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, तिथला मंडप माझा आणि गाड्या सोडायचा झेंडाही माझ्याच हातात. आधी बाप दाखवायचा, त्याच्यामागे मी. यंदा मी सुटायच्या रेषेवर गाडीवानांसाठी लांबच लांब सावली बांधली, पंखे लावले, ताकाचे माठ ठेवले. त्याचा हा सत्कार. करून करून भागला नि देवपूजेला लागला — पण हे म्हणणार कोण? ज्याने म्हणायचं त्याची जीभच वळत नाही.

थांबा. असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. आधी शर्यत सांगतो.

आमची शर्यत ओहोटीवर चालते. पाणी मागे हटलं की ओली घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर छकडे पळतात. पाण्याकडची जागा सगळ्यात चांगली, वरची कोरडी वाळू वाईट, तिथे चाक रुततं. म्हणून चिठ्ठ्या टाकून जागा ठरते. आणि गाडी एकदा रेषेवर लागली की गाडीवानाने खाली पाय टेकायचा नाही. टेकला की बाद. पूर्वी लोक पाणी प्यायला म्हणून उतरायचे आणि गाडी हळूच पाण्याकडे सरकवून घ्यायचे, त्यावरून डोकी फुटायची, म्हणून जुन्या माणसांनी हा कायदा केला. फक्त झेंडेवाल्याने परवानगी दिली तर पाय टेकता येतो. हे नीट लक्षात ठेवा — झेंडेवाल्याने दिली तर.

मधे बरीच वर्षं शर्यती बंद होत्या. काही वर्षांपूर्वी परत सुरू झाल्या त्या अटी घेऊन; हे त्या पहिल्या वर्षाचं सांगतोय. बैलांना सावली पाहिजे, पाणी पाहिजे, जनावरांचा डॉक्टर पाहिजे. बरोबरच आहे, मुक्या जनावराला दुसरं कोण विचारणार? पण माणसाचं काय? पाहणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याने बैलांच्या टाकीत हात बुडवून पाणी गार आहे का ते बघितलं. गाडीवान कुठे थांबणार, हे त्याने विचारलं नाही. मी विचारलं होतं, कमिटीच्या बैठकीत, टेबलावर हात आपटून. बैलाला छप्पर आणि हाकणारा उन्हात, तो काय दगडाचा आहे? अध्यक्ष म्हणाले, मग तूच कर सोय. आणि मी केली. रेषेच्या टोकापासून टोकापर्यंत हिरव्या नेटची सावली बांधली, बर्फ घातलेल्या पाण्याचा पिंप ठेवला. हे मी मुद्दाम सांगतोय, स्वतःला सोडवायला नाही. माणसाला उन्हात ठेवणं काय असतं हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर पुढचं सगळं जास्त वाईट आहे.

त्या वर्षी कमिटीने आणखी एक खूळ काढलं — सुरक्षा. प्रत्येक गाडीवानाला मोटरसायकलचं हेल्मेट आणि कमिटीचं नाव छापलेली जाड नायलॉनची जर्सी. पडला तर डोकं शाबूत राहिलं पाहिजे. वरचं हाड शाबूत राहो, आतला मेंदू शिजेना का.

तर चैत्रातली भर दुपार. गाड्या रेषेवर लागलेल्या. पाण्याकडच्या पहिल्या जागेवर हिराजी.

हिराजी आत खाडीपलीकडच्या गावचा, भातशेतीवाला. स्वतःचे बैल नाहीत, दुसऱ्याच्या जोड्या हाकायचा, पण त्याच्यासारखा हाकणारा या किनाऱ्यावर नव्हता. चाबूक वापरायचा नाही, नुसता बैलांशी बोलायचा. आणि दारू? त्याचा बाप दारूपायी गेला होता. होळीच्या रात्री आम्ही सगळे घसा ओला करत बसायचो तेव्हा हा बाजूला बसून चणे खायचा आणि आमची गंमत बघायचा. मी त्याला चिडवायचो, बामण झालास काय रे? तो नुसता हसायचा. मला दादा म्हणायचा.

मी झेंडा उचलणार तोच अध्यक्षांचा फोन आला. साहेब निघालेत, ते आल्याशिवाय गाड्या सोडायच्या नाहीत. कोण साहेब? नाव सांगत नाही. त्याचं नाव घेतल्याने माझं पाप काही वाटलं जायचं नाही. पाहुण्याने उशिरा यायचं आणि सगळ्या किनाऱ्याने त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, ही आपली रीतच आहे ना? समुद्र कुणासाठी थांबत नाही, पण आम्ही थांबतो.

मग दुसरा फोन. साहेबांबरोबर माणसं जास्त आहेत, सूर्य कलल्यामुळे स्टेजवरच्या पुढच्या खुर्च्या उन्हात आल्यात, काहीतरी कर. काहीतरी म्हणजे काय? जादा कापड गाडीत नव्हतं. होतं ते रेषेवर. गडी माझ्याकडे बघत राहिले, कुणी हलेना. तेव्हा मीच शिडीवर चढलो आणि माझ्या हाताने गाठी सोडल्या.

का सोडल्या? साहेबांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि तो मांडव मला पाहिजे होता. झालं, एवढंच कारण. टेबलावर हात आपटणारा मी! पुढच्या खुर्चीवरच्या माणसाने वर बघावं आणि विचारावं, मंडप कुणाचा — यासाठी मी रेषेवरची सावली काढून स्टेजवर नेली. पाठोपाठ बर्फाचा पिंपही गेला.

रेषेवर उरलं ते बैलांचं पाणी. बैलांच्या पाठीवर ओली गोणपाटं होती, अटच होती तशी. कुणीतरी त्याच पाण्याचा तांब्या वर गाडीवानांना दिला, पण हेल्मेट काढायची मुभा नव्हती. फोटोवाला केव्हाही येईल, सगळे नीट दिसले पाहिजेत, असा निरोप होता, आणि तो निरोप ओरडून सांगणाराही मीच. वाळू खालून भाजत होती, पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घुसत होती. मी झेंड्याच्या काठीवर माझा रुमाल टाकून स्वतःपुरती सावली केली होती.

हिराजीने हाक मारली, "दादा, मना कायतरी व्हतंय. पाय टेकू काय?"

"टेक की," मी म्हणालो. "पण मग गाडी भायेर काढ."

किती सोपं होतं हो म्हणणं. झेंडा माझ्या हातात होता, हक्क माझा होता. पण एकाला उतरू दिलं की सगळे उतरतील, गाड्या हलतील, आणि नेमके तेव्हाच साहेब पोहोचले तर? तेवढाच विचार मी केला. तो उतरला नाही. पाण्याकडची जागा त्याला कितीतरी वर्षांनी लागली होती आणि बैल दुसऱ्याचे होते — कसा उतरणार?

थोड्या वेळाने तो बैलांना भलत्याच नावांनी हाका मारायला लागला. मग हसला, एकटाच. मी जवळ गेलो. हेल्मेटच्या आत तोंड लालबुंद, आणि घामाचा टिपूस नाही. आता ऐका — मला ठाऊक होतं. मंडपाचं काम करणाऱ्याला हे ठाऊक असतंच. वैशाखात बांबूवर चढलेला माझा गडी असाच बरळला होता, त्याला आम्ही उतरवून विहिरीच्या पाण्याने भिजवला म्हणून तो वाचला. ऊन लागलेला माणूस मी ओळखतो. तरी मी रस्त्याकडे मान फिरवली, कारण गाड्यांचा ताफा येताना दिसला होता.

हार झाले, फोटो झाले, मी झेंडा पाडला. पहिल्याच हिसक्याला हिराजी मागच्या मागे वाळूत पडला आणि बैल रिकामा छकडा घेऊन धावत सुटले. त्याच्या डोक्याला ओरखडासुद्धा नव्हता. हेल्मेट चांगल्या कंपनीचं होतं.

साहेब स्टेजवरून उतरून आले. काय झालं याला, म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागे स्टेजवर माझं हिरवं नेट वाऱ्याने फडफडत होतं, आणि मला वाटलं आता कुणीतरी विचारणार, रेषेवरची सावली कुठे गेली. विचारलं नव्हतं कुणी अजून. कुणी विचारायच्या आधीच मी बोललो.

मी म्हणालो, "घेतली असेल, साहेब. ही माणसं ऐकत नाहीत."

बस्स. हेच ते. एवढ्या चार शब्दांसाठी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं.

त्याचं काय झालं ते ऐका. रुग्णवाहिका तिथेच उभी होती, पण दारूड्यासाठी रुग्णवाहिका कोण सोडतो? पुढच्या फेऱ्यांत खरंच कुणाला लागलं तर? त्याला उचलून सुरूच्या झाडाखाली आडवा केला. झोपू दे, उतरेल, असं म्हणून लोक पांगले. जर्सी तशीच अंगात. पुढच्या फेरीचा झेंडा मीच दाखवला, त्याच्या पुढचाही. त्याची बायको मंदा बाजारातून धावत आली तेव्हा तिने आरडाओरडा केला, मग त्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन डोक्यात गेलं, लगेच थंड केला असता तर बरं झालं असतं. लगेच म्हणजे केव्हा, हे मला कुणी सांगायला नको.

जगला तो. पण जीभ जड झाली ती झालीच, आणि पाय एका रेषेत पडत नाहीत. चालताना झोकांड्या जातात. आता तुम्हीच सांगा, झोकांड्या खात, तोंडातल्या तोंडात बोलत जाणाऱ्या माणसाला बघून लोक काय म्हणणार? मी एकदाच खोटं बोललो. त्यानंतर ते खोटं रोज तो स्वतःच्या पायांनी खरं करतोय. डॉक्टर काय म्हणाले ते मंदाने घरोघर सांगितलं. लोक म्हणाले, प्यायला होता म्हणूनच ऊन लागलं. कमिटीने त्याला कायमचा बंद केला — शर्यतीची बदनामी नको म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत चोरही होता.

मंदा माझ्या दारात आली होती. आत बोलावलं, आली नाही. म्हणाली, "दादा, तुमी जवल व्हतात. त्यांच्या तोंडाला वास व्हता काय, तेवढंच सांगा."

मी म्हणालो, गर्दी होती गं, लक्षात नाही. ती दारातूनच माघारी फिरली. आता रेवसच्या धक्क्यावर उकडलेल्या शेंगा विकते. हिराजी शेजारी बसतो. लाँचला जाणारे लोक त्याला उठताना बघून बाजूला सरकतात. मीही लाँचला जातो कधी कधी, लांबच्या बाजूने.

साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव मला मिळाला. तेच हिरवं नेट भटारखान्यावर बांधलं, आचाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून.

आणि यंदाची ही सावली. पंखे, ताक, ओले टॉवेल. गाडीवान आताही गाडीवरच बसतात, पण सावलीत. हेल्मेट गाड्या सुटायच्या वेळीच चढवायचं, हा नियम मी केला. आत येण्याच्या जागी पाटीही मीच लावली — मद्यपान केलेल्यास प्रवेश नाही. नियम म्हणजे नियम. नाकाने कांदे सोलायला मला कुणी शिकवायला नको.

सत्कार आटोपला, माझ्या हातात माईक दिला होता. तेवढ्यात हिराजी आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. बैल बघायला आला असेल, दुसरं काय? झोकांड्या देत पाटीपर्यंत आला आणि बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्याने त्याच्या छातीवर हात ठेवला. म्हणाला, "काका, पिऊन आत यायचं न्हाय. घरी जा."

हिराजी भांडला नाही. त्याने वर नेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलला. जड जिभेचं होतं, पण मला कळलं. "दादा" म्हणाला.

माईक चालू होता. सगळा किनारा ऐकत होता. मी माईक तोंडाजवळ नेला आणि म्हणालो, गाडीवानांनी सावलीतच थांबावं, गाड्या सुटायला अजून वेळ आहे.

तो बाहेरच उन्हात थांबला, मी पुरलेल्या बांबूला धरून. गाड्या सुटेपर्यंत तिथेच होता.