टोपीवर चार बोटं

काष्टीच्या एका बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीने मला फसवलं. माझ्या ट्रकच्या केबिनचं छप्पर वीतभर कापायचं ठरलं होतं, त्याने निम्मंच कापलं.

याच ट्रकवर मी हमाल होतो. कांद्याच्या गोण्यांवर, ताडपत्रीखाली वाकून बाजार गाठायचो. पुढे हाती पैसा आला, तेव्हा तोच ट्रक कर्जतच्या भंगारातून सोडवला आणि जुन्या काळच्या अमेरिकन हॉट रॉड गाड्यांसारखा, उघड्या इंजिनाचा, दाबलेल्या छपराचा करायला काढला. घासाघीस करताना मिस्त्रीला पाझर फुटावा म्हणून हमालीचे दिवस मीच त्याला ऐकवले. तो पत्र्यावर टकटक करत ऐकत राहिला. भाव मात्र उतरवला नाही.

कापायच्या दिवशी त्याने नारळ फोडला, मला टोपीसकट स्टेअरिंगवर बसवलं, टोपीवर चार बोटं आडवी ठेवली आणि त्या उंचीला केबिनच्या पत्र्यावर खडूने खूण केली. मला वाटलं, हा पूजेचाच भाग असेल.

गाडी आणायला गेलो आणि भडकलो. "वीत म्हणालो होतो ना?"

"शेठ, हमाल हुता तवा वाकून बसला," तो म्हणाला. "आता मालक झालात, तरी वाकूनच बसायचं व्हय?"

सावेडीतले मित्र छप्पर उंच राहिलं म्हणून हसतात. मी ताठ बसून चालवतो. पण माझं भलं परस्पर ठरवायचा हक्क त्याला दिला कुणी? पुढच्या बाजारी टोपी घालून, जेवणाचा डबा घेऊन काष्टीला जातोय. माझ्यासोबत जेवायला बसून त्याने याचा जाब द्यायलाच हवा.