तिया ओलिंपियाचं घर हललं

आमच्या तिया ओलिंपियानं जन्मात कुणाला काही सरळ दिलं असेल तर शपथ! तिया म्हणजे माझ्या नवऱ्याची, मेल्चोरची, आत्या. पातेलं मागायला गेलं की म्हणणार, "ने. पण तळ काळा करून आणलंस तर तुझंही पातेलं माझं." नारळाच्या पानात उकडलेला चिकट भात पोरांना वाटायची, तोही अट घालून: पान अंगणात टाकलं की उद्यापासून बंद. भीक नको पण तियाची अट आवर, असं आमच्या नदीकाठच्या गावात सगळेच म्हणत.

लग्नालाही तिनं अटच घातली होती. क्रिस्पुलो नावाचा तरुण होता, मासेमारीच्या बोटीवर जायचा. "गावच्या जत्रेला परत आलास तर मी तुझी. नाही आलास तर शब्द संपला." तो आला जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. तिनं दार उघडलं नाही. पुढं त्यानं दुसरीशी संसार केला, बायको गेली, म्हातारा झाला. तिया एकटीच राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, "अट म्हणजे अट. पाळायची नसेल तर घालायची कशाला?"

अशा बाईनं आम्हाला जमीन दिली! नदीकडेचा तिचा सगळा तुकडा, मेल्चोरच्या नावे दानपत्र करून. अट अशी की तियाचं बांबूचं घर त्या जमिनीवर उभं आहे तोवर जमीन मेल्चोरची. घर तिथून हललं की दान रद्द, जमीन परत तिची. शेजारच्या एका म्हातारीनं अशीच लेकाला जमीन दिली होती. सुनेनं माणसं बोलावून म्हातारीचं घर उचललं आणि रस्त्यापलीकडं नेऊन ठेवलं. आमच्याकडं बांबूची घरं उचलता येतात ना! तियानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मनात म्हटलं, म्हणजे ती सून मी का? माझं डोकंच फिरलं. पण मेल्चोरनं हसत सही केली. त्या जमिनीवर आम्ही दोन खोल्या बांधल्या, झाडं लावली, माझी दोन्ही बाळंतपणं तिथंच झाली.

मग यंदा वादळाची बातमी आली. नदी फुगली आणि तियाच्या घराखालचा काठ ढासळायला लागला. मेल्चोरनं गाव गोळा केलं. खांबांवर उभ्या त्या घराखालून लांब बांबू सारले, बाप्ये खांदा देऊन उभे राहिले. पुढच्या बांबूशी, सगळ्यांच्या पावलांना ठेका द्यायला, म्हातारा क्रिस्पुलो! तिया मात्र खाली उतरेना.

"उतर ना गं तिया, वजन होतंय!" मेल्चोर ओरडला.

"माझं वजन होतंय मेल्या? तुला कडेवर घेऊन बाजारभर फिरले तेव्हा मी बोलले का?"

शेवटी तिला आत बसवूनच घर उचललं. खिडकीतून तिचं चालूच, "डावीकडं! अरे डावं कळतं का कुणाला!" रस्त्यापलीकडं, चर्चच्या उंच आवारात घर टेकवलं. मी आलं नि कोंबडी घालून पेज रांधली. घर उचलणाऱ्यांना उपाशी पाठवत नाहीत. त्याच रात्री नदीनं घराची जुनी जागा गिळली.

वादळ गेलं आणि तियाचा धाकटा भाऊ पोन्सियानो उगवला. माझ्याच हातची उरलेली पेज ओरपत म्हणाला, "मेल्चोर, घर हललं. दान संपलं. जमीन आता ताईची, आणि तिच्यामागं आम्हा सगळ्यांची."

"अहो, तिचा जीव वाचवायला हलवलं!" मी म्हटलं.

"का हलवलं ते कागद विचारत नाही, सूनबाई."

दानपत्र करणाऱ्या वकीलबाईंनीही तेच सांगितलं. अटीत कारणाचं नावच नव्हतं. मी रडकुंडीला आले. आणि मेल्चोर? "अट तिची, जमीन तिची. ती वाचली ना? मग झालं."

"झालं काय, डोंबल! पोरं घेऊन कुठं जायचं?"

"तिला काही बोलू नकोस हं, सलोमे," एवढंच म्हणाला.

मी कशाची ऐकतेय! तणतणत चर्चच्या आवारात गेले. तिया पायरीवर बसली होती आणि क्रिस्पुलो वर चढून तिचं छप्पर शाकारत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तियाच त्याला म्हणाली, "त्या वेळी वादळ होतं ना रे?"

क्रिस्पुलोचा हात थांबला. "होतं. बोट बंदराबाहेरच अडकली होती."

"मला ठाऊक होतं. तू दार वाजवत होतास तेव्हाच ठाऊक होतं."

"मग उघडलं का नाहीस?"

"अट मोडली होती ना," तिया म्हणाली. मग पदरानं पुसावे तसे तिनं झग्याच्या ओच्यानं डोळे पुसले. मी भांडायला आले होते ते विसरूनच गेले. जवळ जाऊन बसले तर माझ्यावरच खेकसली, "बघत काय बसलीस? वकिलीणीकडं जायचंय, चप्पल दे माझी."

वाटेत मेल्चोरलाही सोबत घेतलं. वकीलबाईंनी नवं दानपत्र लिहायला घेतलं. "अट काय घालू?"

"काही नको," तिया म्हणाली. मी खुर्चीतच हबकले.

पण दान घेणाऱ्याचीही सही लागते, आणि मेल्चोरनं पेन खाली ठेवलं! "अट घाल, तिया. उद्या मला काही झालं, जमीन दुसऱ्या कुणाकडं गेली, तर तुझं घर कुठं राहील? बिनअटीची मी घेत नाही."

"अरे गाढवा, सोडतेय तर सोडू दे की!"

"नाही."

तिनं पेन उचलून परत त्याच्या हातात कोंबलं. मग वकीलबाईंना म्हणाली, "लिहा. घर हललं तर दान रद्द. पण उचलणाऱ्या बांबूखाली मेल्चोरचा खांदा असेल, तर घर कितीही हलो, कुठंही जावो, दान कायम."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला आणि लिहिलं.

पाणी ओसरल्यावर घर परत आणलं, आमच्या खोल्यांना लागून. मेल्चोर पहिल्या बांबूखाली, तिया आत, पोन्सियानोही पेजेच्या वासानं आलेला. त्यालाही खांदा द्यायला लावला. जेवणं झाल्यावर क्रिस्पुलो निघाला.

"उद्या ये जेवायला," तिया खिडकीतून म्हणाली. "अळू करतेय, नारळाच्या दुधातलं."

तो दचकून थांबला. "किती वाजता? आणि उशीर झाला तर?"

"झाला तर झाला," तिया म्हणाली. "झाकून ठेवीन."