कर्स्टनच्या घरचा सोडा

अगं शलाका, ब्लँचर्डस्टाउनला राहायला काय गेलीस, कॉर्कचा रस्ताच विसरलीस! ये, जरा जवळ ये. आणि वाचता वाचता मध्येच उठू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, देवापुढे बसून देवालासुद्धा नाही.

आमच्या शेजारची डॅनिश बाई, कर्स्टन. तुझी रेवा आणि आमचा निहार, दोघांना सांभाळायची. आता आपल्यातलं कुणी तिच्याकडे मूल ठेवत नाही. परवा ती समोरून आली, तर आपल्या एका बाईनं लेकराला ओढून रस्ता ओलांडला. अशी तिडीक गेली माझ्या डोक्यात! त्या बाईचा राग आला — मला! काय तोंड आहे गं मला रागवायला?

ती सोड्याची हिरवी बाटली. कर्स्टनची बहीण खोकं भरून पाठवायची. तिच्या गावाकडे, डेन्मार्कच्या उत्तरेला, त्या सोड्याशिवाय वाढदिवस होत नाही, आजारी पोरालाही तोच देतात. राजधानीत मात्र कुणी ढुंकून बघत नाही, असं सांगताना ती लालबुंद व्हायची. आपल्याकडे नाही का, आपल्या गावच्या सोडेवाल्याला परगावी नावं ठेवली की आपण भांडायला उठतो? तसंच. तिकडे बिअरचे कारखानेच असला सोडाही काढतात. म्हणून बाटलीवर नाव बिअरवाल्याचं.

मी तो प्यायले होते. लिंबाच्या चवीचा, गोड, बस्स. म्हणजे मला ठाऊक होतं. हे नीट वाच — ठाऊक होतं.

मग यंदाची संक्रांत. साथीमुळे सगळं बंद, म्हणून हळदीकुंकू फोनच्या पडद्यावर. तिळगूळ घ्या, गोड बोला — आणि मी काय बोलले? "ती कर्स्टन पोरांना काय पाजते कोण जाणे. बाटली बिअरच्या कारखान्याची आहे, मी स्वतः पाहिली." एक शब्द खोटा नव्हता! तू म्हणालीस, "अगंबाई! काकू, खरंच?" मी मान खाली घातली. बाटलीत काय होतं, एवढं एकीला विचारता येऊ नये? इतक्या शिकलेल्या तुम्ही — बघ, परत तुमच्यावर ढकलतेय. नाही. तोंड माझं होतं.

का केलं? सहा महिन्यांसाठी इकडे परदेशी मुलाकडे आले, विमानं थांबली, इथेच राहिले. सून आणि मुलगा रिंगास्किडीच्या कारखान्यात, नातू शेजारी. मी मराठीत हाक मारावी, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यावं. आणि तिच्याकडून डॅनिश गाणं शिकून यावं! मी म्हटलं, मलाही शिकव. तर म्हणाला, "नो आजी, दॅट्स अवर्स. मी अँड कर्स्टन."

आठवड्यात रेवाचं तिच्याकडे जाणं बंद झालं, मग निहारचं. तो माझ्याकडे राहायला लागला. हवं होतं ते मिळालं की!

कर्स्टन दाराशी आली. मास्क लावून, लांब उभी. माझं काही चुकलं का, एवढंच विचारलं. आणि मी, सगळं ठाऊक असलेली मी, म्हणाले, "नो नो, एव्हरीथिंग ग्रँड." ग्रँड, म्हणजे इकडच्या बोलीत सगळं ठीक! जीभ कशी झडली नाही माझी?

नातवाच्या मायेपोटी केलं, असं म्हणणार नाही. माया करणाऱ्या आज्या पुष्कळ आहेत, त्या शेजारणीचं नाव नासवत नाहीत. माफीही नको मला, तुझी नको, तिची तर नकोच. उद्या तिच्या दारी जाणार आहे. तिनं तोंडावर दार लावलं तर लावू दे, तिचं दार आहे. नंतर आपल्या बायकांना, एकेकीला.

तू लवकर ये. रेवाला घेऊन ये. कर्स्टनकडे जाणं का बंद झालं म्हणून ती रडली होती ना? तिला तू काही सांगू नकोस. मी सांगेन.