एका वाकळीचा फोटो

"थंडीत माणसाला तिकीट नंतर विचारायचं, आधी आत घ्यायचं."

माझे वडील हे वाक्य बोलले तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. ते भूम डेपोला कंडक्टर होते. पौषातल्या एका सकाळी गाडीच्या दारात एक म्हातारा कुडकुडत उभा होता, खिसे चाचपत होता, आणि ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवून घाई करत होते. वडिलांनी त्याला दंडाला धरून वर ओढलं, इंजिनाजवळ बसवलं आणि मग हे वाक्य ड्रायव्हरकाकांना ऐकवलं.

गेल्या हिवाळ्यात तुळजापूरवर लेख लिहिला, त्याची सुरुवात मी याच वाक्यानं केली होती. तो लेख खूप वाचला गेला. वडील आज असते, तर त्या लेखाबद्दल त्यांनी मला मधल्याच थांब्यावर उतरवून दिलं असतं.

यंदा पुन्हा जायचं ठरवलं नव्हतं. डिसेंबरात एस्तेरबाईंचा फोन आला. एस्तेरबाई म्हणजे तुळजापूरच्या एका लहानशा चर्चमागे थंडीत निराधार माणसांची निवाऱ्याची सोय करणाऱ्या निवृत्त नर्स. त्या फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "ताई, सोनाबाई पत्र्याच्या शेडात आहेत. खोकला वाढलाय. मी गेले तर घरचे दार उघडत नाहीत. तुम्ही येऊन बघता का?"

सोनाबाई हे खरं नाव नाही. का ते पुढे येईलच.

पुण्याहून सकाळच्या रेल्वेनं सोलापूर, स्टेशनवरून रिक्षानं एसटी स्टँड, तिथून तुळजापूरची गाडी. गाड्या भरपूर आहेत, तासाभराचा रस्ता आहे, आणि बायकांना अर्धं तिकीट. माझ्या पुढच्या सीटवर दोन गाठोडी आणि एक मावशी ऐसपैस बसल्या होत्या.

"सरका मावशी, तिकीट अर्धं हाय, सीट पुरी धरलीया," कंडक्टर म्हणाला.

"तिकीट अर्धं आसलं तरी म्या पुरी हाय की रं बाबा," मावशी म्हणाल्या, आणि अख्खी गाडी हसली. मीही हसले. मग खिडकीबाहेर ज्वारीची शेतं सुरू झाली.

तुळजापुरात देवळाच्या आसपास सात-आठशेत साधी स्वच्छ खोली मिळते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. सामान टाकून मी सहाच्या सुमाराला चर्चकडे गेले. मागच्या बाजूला लांबट पत्र्याचा हॉल आहे. रविवारी तिथे मुलांचे वर्ग भरतात. दिवाळी झाली की शिवरात्रीपर्यंत रोज संध्याकाळी तो उघडतो. वीस-बावीस माणसं येतात. देवीला म्हणून आणून देवळापाशीच सोडून दिलेल्या म्हाताऱ्या, हातपाय चालेनासे झालेले हमाल, घर विसरलेली एक बाई. दारातच एस्तेरबाई पातेल्यातून हुलग्याचं माडगं वाढतात. हुलग्याच्या पिठाचं ते पातळ, गरम, लसणाचा वास असलेलं माडगं प्यायल्यावर छातीतला गारठा उतरतो.

गेल्या वर्षी इथली एक रीत मला फार आवडली होती. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर टाचून शिवलेली जाड गोधडी. चर्चमधल्या बायका त्या शिवतात. नवं माणूस आलं की त्याच्या अंगावरच्या किंवा गाठोड्यातल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा काढून त्याच्या वाकळीच्या कोपऱ्यावर शिवायचा. धोतराचा, पदराचा, टॉवेलचा, जो असेल तो. सकाळी सगळ्या वाकळी उन्हात घालायच्या, संध्याकाळी ज्यानं त्यानं आपला तुकडा बघून आपली घ्यायची. नाव नाही, वही नाही.

"नाव विचारलं की माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही," एस्तेरबाईंनी तेव्हा सांगितलं होतं. "लेकानं टाकलेलं असतंय. नाव सांगितलं तर लेकाची अब्रू जाती, म्हणून सांगत नाहीत. गारठतील, पण सांगणार नाहीत."

त्यांचा एकच नियम होता, माणसांचे फोटो काढायचे नाहीत. मी तो पाळला. मी वाकळींचा फोटो काढला. भिंतीवर सकाळच्या उन्हात पसरलेल्या वाकळी, आणि सगळ्यात पुढे एक कोपरा, त्यावर एक सुंदर काठाचा तुकडा. फोटोत माणूस कुठेच नव्हता. खाली मी लिहिलं, की लोहारा तालुक्यातल्या एका आजींच्या लुगड्याचा हा तुकडा आहे, लेकाच्या लग्नात विहिणीनं मानाचं म्हणून दिलेल्या लुगड्याचा. आजींना खोकला होता, नातवाची परीक्षा होती, म्हणून लेकानं थोडे दिवस बाहेर झोपायला सांगितलं. त्या देवीला म्हणून एसटीत बसल्या आणि परत गेल्या नाहीत. हे सोनाबाईंनी मला घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं होतं. मी नाव लिहिलं नाही, गाव लिहिलं नाही, आणि स्वतःच्या सभ्यपणावर खूश होऊन लेख टाकला.

आठ दिवसांत तो फोटो, खाली माझा मजकूर जोडून, ग्रुपमागून ग्रुप फिरत सोनाबाईंच्या गावात पोचला. लुगडं त्यांच्या सुनेनं ओळखलं. तिच्याच आईनं ते घेतलं होतं. लेकानं गावात सांगितलं होतं, आई सोलापूरला बहिणीकडे आहे. ग्रुपवर कुणीतरी त्याला उद्देशून लिहिलं, "बहीण मिशनमधी राहती काय रं?" आणि खाली हसणारे चेहरे. दुसऱ्या संध्याकाळी तो दोन मोटारसायकली घेऊन आला. सोनाबाईंच्या हातात माडग्याचा पेला होता. तो खाली ठेवून त्या निमूट उठल्या. वाकळ त्यानं घेऊ दिली नाही. "हे मिशनचं पांघरूण माझ्या दारात नको," म्हणाला.

हे सगळं मला एस्तेरबाईंनी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. मी लेख काढून टाकला. त्याखेरीज वर्षभर काही केलं नाही.

यंदा हॉलमध्ये गेल्यावर पहिल्यांदा नजर गेली ती कोपऱ्यांकडे. एकाही वाकळीवर तुकडा नव्हता. सगळ्या सारख्या.

"बंद केलं," एस्तेरबाई माडगं ढवळत म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

तेवढ्यात आत भांडण जुंपलं. दगडूअप्पा, म्हणजे धान्याच्या मोंढ्यातले जुने हमाल, एक वाकळ छातीशी धरून उभे होते आणि एक आजी दुसऱ्या टोकाला लोंबकळत होत्या.

"माझी हाय ही!"

"तुझी कशावरनं? नाव लिवलंय व्हय?"

"वास घेऊन बघा की, तमाखूचा येतोय."

"तमाखू समदेच खातेत, अप्पा!"

एस्तेरबाईंनी दोघांना वेगवेगळ्या वाकळी दिल्या. नंतर एक लहानशी प्रार्थना झाली. ज्याला गायचं तो गातो, बाकीचे पांघरूण नीट करत बसतात. "आमेन" म्हणून झालं, तसे दगडूअप्पा मोठ्यानं म्हणाले, "आई राजा उदो उदो!" एस्तेरबाई म्हणाल्या, "झालं का तुमचं? मग झोपा आता." हे रोजच असं होतं म्हणे. त्या संध्याकाळी तेवढ्याच वेळी त्या हसल्या.

मी खोलीकडे निघाले तेव्हा त्यांनी एक घडी केलेली वाकळ पिशवीत घालून माझ्या हातात दिली. तिच्या कोपऱ्यावर सोनाबाईंच्या लुगड्याचा तुकडा अजून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळदुर्गची गाडी धरली. तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात तर नळदुर्गचा किल्ला बघा, निदान अर्धा दिवस ठेवा. स्टँडबाहेर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मिळते. मी किल्ला बघितला नाही. भाकरी घेतली, ती संपवता आली नाही. तिथून लोहाऱ्याकडची गाडी आणि पुढं वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. वाटेत एका फाट्यावर उतरले. या भागातली गावं भूकंपानंतर नव्यानं वसवलेली. सरळ रस्ते, ओळीत घरं. बांधावर हुरडा भाजत बसलेल्या लोकांनी हाक मारली, "या ताई, हुरडा खायला!" अनोळखी माणसाला हुरड्याला बोलावणारं हे गाव. मी हात जोडले आणि पुढे गेले.

सोनाबाईंचा लेक माझ्याच वयाचा, पंचेचाळिशीतला. त्यानं खुर्ची टाकली.

"तुमीच का त्या लिवणाऱ्या मॅडम?"

"हो."

"बसा. चहा घेताव न्हवं?"

मी म्हटलं, माफी मागायला आलेय. तो हसला. सून चहा घेऊन आली. माझ्या हातातली पिशवी तिनं हळूच घेतली, आत बघितलं, आणि पिशवी बाहेरच्या ओट्यावर ठेवली. "जाताना घेऊन जावा," म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

"मॅडम, या गावात आई बाहेर झोपणारं घर एक माझंच हाय का?" तो म्हणाला. "धा दाखवतो, चला. पर फोटो माझ्या घरचा. म्या खायला घालत न्हाय व्हय तिला?"

"दादा, शेडात थंडी लागत असेल त्यांना."

"माझ्या समद्या शेतात थंडी हाय. मला कोन विचारतंय?"

"शिवरात्रीपर्यंत एस्तेरबाईंकडे राहू द्या. नंतर मी स्वतः आणून सोडते."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "राहू देतो की. फकस्त तो फोटो काढून टाका. तुमच्याकडचा न्हाय, तो तुमी काढलाव, ठावं हाय मला. लोकांच्या फोनातला. समद्या लोकांच्या. एकाच्या बी फोनात दिसंना झाला, की म्या सोता गाडीवर बशिवतो तिला आन् सोडतो. बोला, काढताव?"

"मंग चहा घ्या," तो म्हणाला.

सोनाबाईंना भेटायला त्यानं आडकाठी केली नाही. घराच्या मागं पत्र्याची शेड, तिच्यात अर्ध्या भागात कडबा रचलेला, एका कोपऱ्यात फवारणीचा पंप, दुसऱ्या कोपऱ्यात बाज. खतांची रिकामी पोती उसवून, जोडून केलेलं पांघरूण. दुपारचे तीन वाजले होते, तरी त्या ते गळ्यापर्यंत घेऊन बसल्या होत्या. मला ओळखलं.

"एस्तेर बरी हाय का? दगडू घोरतंय का आजून?"

"घोरतात."

"मेल्यानं झोपू दिलं न्हाई कदी." त्या हसल्या, आणि मग खोकल्या, आणि तो खोकला बराच वेळ थांबेना. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताला फासळ्या लागत होत्या.

"लई जणांनी वाचलं म्हनं," त्या म्हणाल्या.

"हो, आजी."

"माझं नाव न्हवतं म्हनं त्याच्यात."

"नव्हतं."

"मंग कसं वळखलं?"

"लुगड्यावरनं."

"म्याच दिला की तुकडा काढून," त्या म्हणाल्या. "दुसरं जुनेर व्हतं गाठुड्यात. त्यातला द्यायला पायजे व्हता. चुकलंच माझं."

मी त्यांना सांगत राहिले, आजी, चूक तुमची नाही, माझी आहे. पण त्यांनी ते कानावर घेतलं नाही. त्यांना आपली चूक सापडली होती, आणि ती माझ्या चुकीपेक्षा त्यांना जास्त पटत होती.

निघताना मी विचारलं, याबद्दल पुन्हा लिहिलं तर चालेल का. लेकाच्या अटीबद्दल सांगितलं. त्यांनी विचार केला.

"लिव. पर लुगड्याचा रंग लिवू नगंस. सुनंच्या आईनं दिल्यालं हाय. तिला बी लाज वाटत आसंल."

म्हणून रंग या लेखात नाही. ओट्यावरची पिशवी घेऊन मी फाट्यावर आले.

संध्याकाळी तुळजापूरला पोचले तर हॉलच्या दारात एक नवी बाई उभी होती, पातळ शाल घेतलेली. एस्तेरबाईंनी माझ्या हातातून वाकळ घेतली, कात्रीनं कोपऱ्यावरचा तुकडा उसवला, आपल्या शिवणाच्या डब्यात ठेवला आणि वाकळ त्या बाईच्या खांद्यावर टाकली.

पुण्याला येऊन आता पाच दिवस झाले. दरवेळी प्रवासाहून आल्यावर काय राहिलं, ते मी इथे लिहिते. यावेळी माझ्या हाताला त्या पाठीचा स्पर्श राहिला आहे. आणि हे, की चांगलं काम बघून आपण ते सगळ्यांना दाखवायला धावतो, आणि ते काम ज्या आडोशावर उभं असतं, तो आडोसाच काढून नेतो. त्या वाकळींचे कोपरे आता कोरे आहेत. ते मी केलं.

तुम्हाला त्या हॉलसाठी काही करावंसं वाटत असेल, तर नवी ब्लँकेटं नेऊ नका. जुनी सुती लुगडी, जाड दोरा आणि हुलगे न्या. पत्ता मी देणार नाही. तुळजापुरात चौकशी केलीत तर सापडेल. आत जाताना फोन लॉजवर ठेवा.

आणि एक मागणं. जुना लेख काढून वर्ष झालं, तरी अजून दर आठवड्याला कुणीतरी लिहितं, "तो वाकळीचा फोटो पुन्हा टाका ना, फार सुंदर होता." म्हणजे तो तुमच्या लक्षात आहे, आणि तुमच्यातल्या पुष्कळांच्या फोनमध्येही असणार. तो पुसून टाका. ज्यांना पाठवलात, त्यांनाही सांगा. शिवरात्रीला अजून बरेच दिवस आहेत आणि शेडाला दार नाही. एवढं वाचून तुम्ही आधी तो फोटो शोधून पुन्हा एकदा बघणार, मग राहू दे म्हणणार, हे मला माहीत आहे. तरी मागते. बघितल्यावर तरी पुसा.