कडुलिंबाची फांदी

शेजारच्या शोभाचा मुलगा सकाळपासून आमच्या दारातल्या कडुलिंबाला लोंबकळतोय. सैन्यभरतीत त्याची उंची बोटभर कमी भरली म्हणे.

माझा थोरला भाऊ, दादा, असाच लोंबकळायचा. आमचं घराणंच बुटकं. आई चुलीपुढून उठून यायची आणि त्याचे पाय धरून खाली ओढायची. "वाढ रे बाबा, वाढ," म्हणायची आणि दोघं हसत सुटायची. दादा खरंच भरती झाला. पुढं लढाई लागली, तो परत आला नाही.

"मीच ओढून मोठा केला गं त्याला," आई जन्मभर म्हणत राहिली. अशी कुठं उंची वाढते का? पण तिला ते पटलं नाही. लेकराला मोठं करायला आपण जिवाचं रान करतो. मोठं होऊन ते कुठं जाणार, हे कुणाला ठाऊक असतं?

"आक्का, नुसत्या बघताय काय? धरा की ह्याचे पाय," शोभा हसत म्हणाली.

मी उठले आणि त्याचे धुळीनं भरलेले पाय धरले.

"अहो आज्जी," पोरगं वरून ओरडलं, "खाली ओढायचं असतं! तुम्ही तर मला वर उचलताय!"