काचेखालचं पान

आज नवा महिना लागला म्हणून कॅलेंडरचं पान उलटलं आणि संग्रहालयातलं ते चामड्याच्या पानांचं पुस्तक आठवलं. मध्ययुगातलं, लॅटिनमधलं, हातानं लिहिलेलं, प्राण्यांविषयीचं. तुम्ही नातवंडं इथलं एडिसन गाव सोडून अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला राहायला जायच्या आधी आपण ते पाहिलं होतं. काचेखाली एकच पान उघडं होतं आणि त्यावरच्या हत्तीला गुडघेच नव्हते. तुमच्यातल्या धाकटीनं विचारलं, "आजी, नेक्स्ट पेजवर कोण आहे?" रंग उडू नयेत म्हणून तिथे दर तीन महिन्यांनी पान बदलतात, असं समजलं, तेव्हा मी बघून कळवायचं कबूल केलं. तीन महिन्यांनी ऑफिसला जाताना तुमच्या काकानं मला तिथे सोडलं. दालनात मी आणि पेंगुळलेला गार्ड, दोघंच. नव्या पानावर चित्र नव्हतंच, नुसत्या तपकिरी ओळी. बराच वेळ उभी राहिल्यावर दिसलं, की चामड्याला एक बारीक भोक आहे आणि त्यातून पुढच्या पानावरचा तांबडा रंग डोकावतो आहे. संध्याकाळी फोनवर धाकटी म्हणाली, "फॉक्स असेल." मी म्हटलं, "किंवा सिंह. पुढच्या वेळी तू येतेस का बरोबर?" ती म्हणाली, "मम्मी म्हणते, धिस इयर नाही जमणार." त्यानंतर ते पान कितीदा बदललं असेल. मी गेले नाही. एकटीनं तो प्राणी पाहून टाकला असता, तर तुम्हाला बोलवायला माझ्याकडे काही उरलं नसतं.